तिसरं नको

आमच्या घरात आग्रह नव्हता. बाकी ज्या गोष्टी नव्हत्या त्या हळूहळू आल्या, वीज आली, नळ आला, दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सायकल आली, पण आग्रह काही आला नाही. पाहुणा आला की आई तांब्याभर पाणी द्यायची, ताट करायची, पाहुण्यासमोर ठेवायची आणि एकदाच म्हणायची, "घ्या." पाहुणा म्हणाला, "नको, आत्ताच जेवून निघालो," की आई म्हणायची, "बरं." ताट उचलून आत न्यायची आणि त्यावर फडकं टाकायची. तिच्या तोंडावर राग नाही की रुसवा नाही. पाहुणा बापडा पुढचा तासभर आमच्या भिंतीकडं बघत बसायचा, आणि मला आतून आमटीचा वास यायचा. एकदा माझी सख्खी आत्या श्रीरामपूरच्या बाजारातून भरउन्हात चालत आली, रीतीप्रमाणे "नको गं वहिनी" म्हणाली, आणि तशीच उपाशी घरी गेली. पुढं कित्येक वर्षं ती भावकीत सांगायची, "आमची वहिनी सोन्यासारखी हाय, पन तिच्या दारात खरं बोलावं लागतं."

मी आईला विचारायची, तू परत का विचारत नाहीस? ती म्हणायची, "मानसाला दुसऱ्यांदा नको म्हनायला लावू नये. पाप लागतं." एवढंच. यामागची गोष्ट मला फार उशिरा आणि अर्धीच कळली. लग्न होऊन नवी आली तेव्हा आई एका मळ्यात खुरपायला जायची. बरोबरीची एक बाई होती, दोघींचं चांगलं जमलं होतं, शेजारशेजारच्या सरी धरायच्या, दिवसभर बोलायच्या. एके दिवशी ती बाई भाकरी घरी विसरली. आईनं आपलं फडकं सोडलं आणि म्हणाली, घे. ती नको म्हणाली. आई तेव्हा कोवळी होती, माहेरी लाडात वाढलेली, म्हणाली, घे की गं. ती पुन्हा नको म्हणाली. आईनं तिसऱ्यांदा भाकरी पुढं केली, आणि मग ती बाई काहीतरी बोलली. काय बोलली ते आईनं मला कधीच सांगितलं नाही. मी किती खोदून विचारलं. "म्हनाली कायतरी," म्हणायची आणि चुलीतलं लाकूड पुढं सारायची. आम्ही कोण, आमची वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला, हे सांगायची गरज आहे का? आम्ही धम्म घेतला होता, विहार बांधला होता, भिंतीवरचे देव जाऊन बुद्धाची तसबीर आली होती. पण गावाच्या तोंडातला आमचा जुना शब्द काही गेला नव्हता. बाई बोलली तो तोच असणार, दुसरा कुठला असणार?

आता या सगळ्याचा मला कंटाळा आला आहे, हे आधीच सांगून टाकते. लिहायचाही कंटाळा आणि समजावून सांगायचा तर त्याहून जास्त. गुडघे गेलेत, साखर वाढलीय, डॉक्टरांनी भात तोडलाय, गूळ तोडलाय, आता जिभेवर काय ठेवायचं तेवढं सांगायचं राहिलंय. पण त्या खाऊपळीचं, कॉलेजातल्या त्या एका शर्यतीचं, कोणी ना कोणी दर वर्षी उकरून काढतं, आणि प्रत्येकजण ते वेगळंच सांगतो. म्हणून एकदाचं माझ्या हातानं लिहून ठेवते.

आमचं घर पाटाच्या कडेला होतं. पाटाला पाणी सुटलं की रात्रभर त्याचा आवाज यायचा, आणि साखर कारखाना सुरू असला की त्यावर मळीचा आंबूस वास. दादा कारखान्यात उसाच्या गव्हाणीवर होते. भोंगा झाला की घरातला दिवस फिरायचा. दादा निघाले की आईचं खुरपं निघायचं, आणि माझं दप्तर. आई पहाटे भाकरी थापायची त्याच आवाजानं मला जाग यायची. दुसऱ्या बायकांची भाकरी थप थप वाजते, आईची वाजायची थप, मग जरा थांबून थप थप. का ते माहीत नाही. डाव्या मनगटात काहीतरी दुखणं होतं म्हणे. आज मिक्सर, कुकर, काय काय वाजतं माझ्या स्वयंपाकघरात, पण तसा आवाज परत ऐकला नाही.

मी कॉलेजात जायला लागले तेव्हा आमच्या वस्तीतून मी एकटीच मुलगी होते, आणि पलीकडच्या मळ्यातून कल्पना. दोघी पाटाच्या रस्त्यानं चालत श्रीरामपूरला जायचो. कल्पनाच्या घरी ऊस, गहू, गोठ्यात म्हशी. माझी आई त्यांच्याच मळ्यात खुरपायला जायची. कल्पना गोल, हसरी आणि चालायला महाआळशी. तिच्या आईला सगळे काकू म्हणायचे, मीही. काकूंच्या घरी आग्रहाचा पूर यायचा. "घे गं सुमे, वाळून चाललीस, वाऱ्यानं उडशील एखाद्या दिवशी!" असं म्हणत त्या हातावर काही ना काही ठेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. एक मात्र होतं. मला वाढताना त्यांचा हात जरा उंच असायचा. वस्तू ठेवायच्या नाहीत, वरून सोडायच्या. आग्रह सगळ्यांइतकाच, हात मात्र वीतभर वर. मला तो हात दिसायचा, आणि ती माया पण दिसायची. त्या वयात दोन्ही एकदम गिळायची सवय लागते.

तर आमच्या कॉलेजात भूगोलाचे एक सर होते. काटकुळे, सायकलवर फिरणारे, डोक्यात सतत काहीतरी नवं खूळ. कॉलेजच्या वसतिगृहात राजूरकडच्या डोंगरातली पोरं राहायची. थंडी संपत आली की त्यांच्या खाणावळीतलं धान्य संपायचं, आणि मग पोरं एकेक करून पेटी उचलून गावी निघून जायची. परीक्षेला अर्ध्या खोल्या रिकाम्या. सरांना ते सहन होईना. त्यांनी शर्यत काढली. भाग घ्यायचा तर पायलीभर धान्य आणायचं, ते धान्य वसतिगृहाला. शर्यत नुसती पळण्याची नाही, पळायचं आणि खायचं. कॉलेजपासून आमच्या गावच्या शाळेपर्यंत पाटाच्या रस्त्यानं पळायचं, वाटेत ठरवलेल्या घरांसमोर थांबायचं, त्या घरचं ठरलेलं खायचं, ताट रिकामं केल्यावर त्या घरची बाई रंगीत फीत देणार, सगळ्या फिती घेऊन जो पहिला पोचेल तो जिंकला. पहिल्या नंबराला सरांच्या परसातला लाल भोपळा. सर म्हणाले, पळणाऱ्यानं धान्य दिलं, घरांनी अन्न दिलं, सगळ्यांचाच हात लागला. शर्यतीचं नाव पोरांनी ठेवलं खाऊपळ.

शेवटचा थांबा कुठं ठेवायचा म्हणून सर वर्गात विचार करत होते. "सुमन, तुमची वस्ती अगदी शाळेच्या अलीकडंच ना गं? तुझ्या आईला जमेल?" मी हो म्हटलं. वर्गात जरा शांतता झाली. फार नाही, खडू खाली पडला तर ऐकू यावा एवढी. मग कोणीतरी खोकलं आणि तास पुढं गेला.

रात्री जेवताना मी घरी सांगितलं. दादा घास तसाच धरून राहिले. "खाऊन पळनाऱ्याला आमच्यात चोर म्हनत्यात," ते म्हणाले. मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. "सुमे, तुला कळतंय का काय ठरवून आलीस ते? समद्या पंचक्रोशीची पोरं येनार. भर रस्त्यावर तुझ्या आईनं ताट धरायचं. आन् कुनी न्हाई खाल्लं तर?"

आई म्हणाली, "न्हाई खाल्लं तर आपुन खाऊ. आपली भूक कुठं पळाली?"

"मस्करी न्हाई वत्सला. लोक बघत्याल."

"बघू द्या की. इतके दिस काय डोळं झाकून बसल्यात व्हय?" असं म्हणून तिनं दादांच्या ताटात आमटी वाढली. न विचारता वाढली. घरच्यांना ती विचारत नसे.

त्या दिवशी पहाटे मी उठले तर आईचं टोपलं भाकऱ्यांनी भरत आलं होतं. बाजरीच्या भाकऱ्या, तीळ लावलेल्या. तव्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजल्याचा ठसका घरभर झाला होता, शेळीसुद्धा शिंकत होती. ठेचा, शेंगदाण्याची आमटी, वर कांदा. सरांनी आमच्या थांब्याला अर्धी भाकरी ठरवली होती. दादांनी विहारातलं बाकडं धुऊन रस्त्याच्या कडेला लिंबाखाली आणून ठेवलं. रात्रपाळी करून आलेला माणूस, पण झोपला नाही. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आमच्या वाटणीला फिती निळ्या आल्या होत्या. सर म्हणाले, दुकानात तेवढाच रंग उरला होता. आईनं त्या एकेक सरळ करून खांद्यावर टाकल्या. मी निघताना ती म्हणाली, "पळ नीट. आन् हितं आलीस की हावरटावानी खाऊ नको, लोक बघत्यात."

शर्यतीचं हसं पहिल्याच थांब्यावर झालं. तिथं चर्चच्या मागच्या आळीतल्या मार्थामावशी होत्या, त्यांच्या करंज्या. ठरली होती एक. मावशी म्हणाल्या, "एक करंजी? माझ्या घरी नाताळाला कुत्र्यालासुद्धा एक देत नाहीत!" आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत कोंबल्या. पुढं गुऱ्हाळावर पेलाभर रस. धापा टाकत रस पिऊन पुन्हा पळून बघा कधी. पोटात नुसतं डचमळत होतं, पोरं कुशी धरून वाकडी चालत होती. आणि मग काकूंचा मळा. इथं सरांची खरी चूक झाली. त्यांनी काकूंकडं छोटे धपाटे ठेवले होते, प्रत्येकी तीन. भूगोल शिकलेला माणूस, पण ताटात तीन वाढत नाहीत एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही. काकूंनी पहिल्याच पोराला चौथा वाढला. "तीन तिघाडा, काम बिघाडा! चौथा घे, मग जा कुठं जायचं तिकडं." चौथा झाला की त्यावर लोणी, लोण्यावर गुळाचा खडा, आणि वर ताकाचा गडवा. सर सायकलवरून घामाघूम होत आले. "काकू, ही शर्यत आहे हो, पंगत नाही! आग्रह करू नका!"

"गप बसा सर," काकू म्हणाल्या. "दारात आल्यालं लेकरू उपाशी धाडू व्हय? तुमी बी बसा. बायकू घालती का न्हाई खायला, हाडं निघाल्यात नुसती." आणि सरांनासुद्धा बसवलं. मला वाढताना काकूंचा हात तसाच वर होता, आणि धपाटे चारच होते. कल्पना त्यांची पोटची पोर, तिला तर त्यांनी पाच वाढले.

मी तिथून सुटले तेव्हा माझ्यापुढं तीनच पोरं होती, हाकेच्या अंतरावर. सगळ्यांत पुढं दिलीप. मोठ्या बागायतदाराचा मुलगा, उंच, स्वभावानं बरा, वर्गात माझ्याशी नीट बोलणारा. मी त्याच्या मागून पळत होते, आणि खरं सांगते, मला भोपळा नको होता, नंबर नको होता. आईच्या ताटासमोर तो काय करतो ते मला बघायचं होतं. दादांचा प्रश्न माझ्या पायांत अडकला होता. कुनी न्हाई खाल्लं तर?

लिंबाखाली आई उभी होती. दिलीप पोचला, गुडघ्यावर हात टेकून वाकला. आईनं ताट बाकड्यावर ठेवलं आणि म्हणाली, "घे बाबा." दिलीपनं पोट धरलं. "नको मावशी. तडस लागलीय पोटाला." आई म्हणाली, "बरं." आणि खांद्यावरची निळी फीत काढून त्याच्या हातात दिली. ताट रिकामं झाल्यावर द्यायची फीत, तिनं भरल्या ताटावरच देऊन टाकली. दिलीप फीत घेऊन निघाला नाही. जरा वेळ तसाच उभा राहिला. एकदा ताटाकडं बघितलं, एकदा आईकडं. मग पळाला. मागच्यांनी ते बघितलंच होतं. दुसरा आला, "नको." बरं. तिसरा आला, त्यानं ताट ठेवूच दिलं नाही, लांबूनच हात पुढं केला. आईनं फीत दिली. मी पोचले तेव्हा टोपल्यावरचं फडकं हललंसुद्धा नव्हतं. दादा शेळीपाशी पाठ करून उभे होते.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय लावायचा? पोरांची पोटं खरोखर फुटायला आली होती, मी स्वतः पळता पळता दोनदा बसले होते. काकूंनी त्यांना माणसात ठेवलं नव्हतं. मग ते नको पोटाचं होतं की आमचं? हीच तर आमची आयुष्यभराची कटकट. दुसऱ्याला कोणी नको म्हणालं की त्याला वाटतं, भूक नसेल. आम्हाला त्या एका नकोचे दोन अर्थ लावत बसावं लागतं, आणि कुठलाही लावला तरी झोप लागत नाही. नोकरीत तेच झालं, शेजारात तेच, मुलीच्या लग्नात तेच. मी या हिशोबानंच दमले, कामानं नाही दमले.

मी बाकड्यावर बसले. "वाढ," म्हटलं. आई म्हणाली, "आगं पळ की, म्होरं गेली समदी." मी म्हटलं, "वाढ म्हणते ना." मी अर्धी खाल्ली, मग उरलेली अर्धी खाल्ली. पोटात जागा नव्हती, कोंबली. ठेचा एवढा जहाल होता की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बरं झालं येत होतं. आई हळूच म्हणाली, "पोट भरलं आसंल गं त्यांचं."

तेवढ्यात कल्पना आली. पळत नव्हती, चालतसुद्धा नव्हती, स्वतःला ओढत आणत होती. येऊन धपकन माझ्या शेजारी बसली, बाकडं करकरलं. आईनं ताट ठेवलं. "घे बाळा." कल्पना म्हणाली, "नको मावशी." आई म्हणाली, "बरं," आणि फीत पुढं केली.

कल्पनानं फीत घेतली आणि बसूनच राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही एकदाच विचारता व्हय?"

"मग किती येळा विचारायचं?"

"अहो, तीनदा! पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा करायचा असतो. तिसऱ्यांदा घ्यायचं असतं. आईनं लहानपणापासून चिमटे काढून शिकवलंय. पहिल्याच झटक्याला घेतलं तर म्हणतात, कल्पीला घरी खायला घालत नाहीत वाटतं!"

आई तिच्याकडं बघतच राहिली. "नको म्हनल्यावर परत विचारायचं? मानसाला खोटं पाडायचं?"

"हां, खोटंच असतं ते!"

आईनं माझ्याकडं पाहिलं. दादा शेळीपाशी होते ते वळले. आईनं टोपल्यातली अर्धी भाकरी उचलली आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "घे की." कल्पनानं खरोखरच ताटावर हात आडवा केला. "नको मावशी, लई झालंय." आणि आई थांबली. भाकरी हातात, हात हवेत. आता तिसऱ्यांदा विचारायचं होतं. मागं एकदा तिनं तिसऱ्यांदा विचारलं होतं, आणि त्यानंतर आजवर कोणालाच नाही. कल्पनाला यातलं काही माहीत नव्हतं, ती बिचारी आपली रीत पाळत बसली होती.

मग आई एकदम ओरडली. "आगं घे गं बाई! पहाटंपासनं चुलीम्होरं बसलीय मी! खाल्ल्याबिगर उठशील तर तंगडं मोडीन!" एवढ्या मोठ्यानं की शेळीनं दाव्याला हिसका दिला. कल्पना दचकली, मग खो खो हसत सुटली आणि दोन्ही हातांनी भाकरी घेतली. "असं!" म्हणाली. "याला म्हणतात आग्रह!" आणि पाच धपाटे पोटात असलेली ती पोर ठेच्याबरोबर अर्धी भाकरी खाऊन, हाशहुश करत, आणखी अर्धी मागून बसली. दादा तांब्या घेऊन आले. ते तिच्या हातावर पाणी घालत होते आणि मान खाली घालून हसत होते. दादांना मी तसं फार थोड्या वेळा पाहिलं.

त्यानंतर मागं राहिलेली पोरं एकेक करून आली आणि आईनं कोणालाच सोडलं नाही. तिला मऊ आग्रह येतच नव्हता, ती भांडल्यासारखी आग्रह करायची. "घे म्हनते ना! काय लाजतोस, पोरीवानी!" त्यातल्या बऱ्याच जणांनी हसत हसत खाल्लं. दोघांनी आमटी भुरकली आणि पुन्हा मागितली. राजूरकडचा वसतिगृहातला एक पोरगा तर म्हणाला, "मावशी, सकाळपासून जेवण इथंच मिळालं, बाकी नुसता खाऊ होता." आईचं टोपलं खाली होत चाललं. आणि मग एक मुलगा आला, नाव लिहीत नाही, नातवंडं असतील आता त्याला. आईनं विचारलं, नको. पुन्हा विचारलं, नको. तिसऱ्यांदा भाकरी पुढं केली. तो मागं सरकला, आणि नको म्हणाला, तेही जमिनीकडं बघून. फीत मागितली नाही, पाणी घेतलं नाही, गेला. आई या वेळी बरं म्हणाली नाही. तिनं भाकरी टोपल्यात ठेवली आणि पदर सारखा केला. जरा वेळानं म्हणाली, "कळलं तरी." आणि पुढच्याला हाक मारली.

भोपळा दिलीपला मिळाला. फिती सगळ्या होत्या त्याच्याकडं, निळीसुद्धा. धान्याचा ढीग वसतिगृहात गेला आणि त्या वर्षी राजूरकडची पोरं परीक्षेपर्यंत राहिली, हे मात्र खरं. पुढच्या वर्षी सरांची बदली झाली, खाऊपळ तिथंच संपली. आई पुढं म्हातारी होईपर्यंत सगळ्यांना आग्रह करत सुटली. पोस्टमन, सुई द्यायला आलेली नर्स, रस्ता विचारायला थांबलेला टेम्पोवाला, कोणाला म्हणून सोडलं नाही. काही खायचे, काही तिसऱ्यांदा नको म्हणायचे. त्यांचं वाईट वाटायचं तिला, पण ती म्हणायची, "आता कसं, झोप तरी लागती." कल्पनाला कोल्हारला दिली. तिचा अजून फोन येतो, आणि मी जेवले म्हटलं तरी काय जेवले ते तीनदा विचारते.

आमच्या बॅचचे लोक अधूनमधून जमतात. तिथं दिलीप आता मोठ्या पोटाचा, पांढऱ्या मिशांचा झालाय. तो दर वेळी उठून सांगतो, "आमच्या वेळी जातपात असलं काही नव्हतं. खाऊपळीत आम्ही सगळ्यांनी सुमनच्या घरी बाजरीची भाकरी खाल्ली, तो ठेचा अजून जिभेवर आहे!" टाळ्या पडतात. तो थापा मारत नाही हो, त्याला खरंच तसं आठवतं. पूर्वी संताप यायचा, आता तेवढी ताकद राहिली नाही. मी आपली समोरच्या गुलाबजामकडं बघत बसते, तोही मला चालत नाही.

मागच्या आठवड्यात नगरच्या माझ्या घरी फोन आला. कॉलेजातला कोणी विद्यार्थी होता, गोड बोलत होता. म्हणाला, मॅडम, आम्ही खाऊपळ पुन्हा सुरू करतोय, तुमच्या आईंच्या नावानं शेवटचा थांबा ठेवायचाय, बाजरीची भाकरी नि ठेचा, आणि तुम्ही स्वतः यायचं, पहिलं ताट तुम्ही वाढायचं. मी म्हटलं, "नको रे बाळा. गुडघे दुखतात. आता कुठं जमतंय मला." तो म्हणाला, "ओके मॅडम, काही प्रॉब्लेम नाही, तब्येत सांभाळा," आणि फोन ठेवला.

एकदाच विचारलं त्यानं. त्याला बोल लावायचं कारण नाही, शहाणा मुलगा, माझा शब्द खरा मानला. आई असती तर म्हणाली असती, बरोबर केलं पोरानं. पण मला फार वाईट वाटलं. मला जायचं होतं. त्यानं आणखी दोनदा विचारलं असतं तर मी हो म्हणणार होते. फोन बंद झाला होता तरी तो हातात धरून मी ओट्यापाशी थोडा वेळ उभी राहिले, लिंबाखाली आमच्या ताटासमोर दिलीप उभा राहिला होता तशी.